हकीमाची विहीर

आमच्या नानांच्या दारात बाराही महिने पाण्याचा माठ असे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात एका लहान गावाच्या टोकाला त्यांचे घर होते आणि पुढूनच एस.टी.चा रस्ता जात होता. माठावर लाकडी झाकण आणि झाकणावर पत्र्याचा एक मग. तो मग तीन-चार वेळा चोरीला गेला. नानांनी दर वेळी नवा आणून ठेवला, पण त्याला साखळी लावली नाही. उन्हाळ्यात नानीला दोन मैलांवरून पाणी आणावे लागे. ती कुरकुरायची, "पानी मोल का है जी, और तुम रस्ते पे रखते."

नाना म्हणायचे, "मोल का है, इसीच वास्ते रस्ते पे रखा."

मी त्यांची सर्वांत धाकटी नात. माझा जन्म १९८९चा. नाना १९४० साली, विशीत असताना फौजेत भरती झाले होते. लॉरी चालवायचे. खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात त्या काळी फौज हीच मोठी नोकरी होती. घरटी एक माणूस तरी पलटणीत असे. त्यांतले काही पदके घेऊन आले, एक जण पाय गमावून आला, दोघे-तिघे आलेच नाहीत. नाना धडधाकट परत आले, आणि तोच जणू त्यांचा गुन्हा झाला. कारण मधले तीन दिवस ते शत्रूच्या कैदेत होते, ही बातमी कशी कोण जाणे, त्यांच्याआधी गावात पोहोचली होती.

गावात त्यांना 'कैदी डायवर' म्हणत. त्यात फार विखार नव्हता. खेड्यात लंगड्याला लंगडा म्हणतात तसेच ते. अम्मी शाळेत गेली तेव्हा तिलाही पोरे 'कैद्याची ल्येक' म्हणायची. घरातल्या एका लग्नात पाहुण्यांपैकी कुणीतरी हसत हसत म्हणाले होते, "हमारे भाईजान हाथ ऊपर करके गए, हाथ हिलाते आए." नाना जेवणावरून उठले नाहीत. घास मात्र तिथेच थांबला, असे नानी सांगायची.

गावात एक म्हातारी होती, मराठा घरातली. तिचा मुलगा १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरात पडला होता. ती कधीकधी नानांच्या ओट्यावर येऊन बसायची आणि विचारायची, "बाबा, तू कसा रं सुटलास? तुला कसं सोडलं त्यांनी? माझ्या लेकराला का न्हाई सोडलं?" तिचा मुलगा कैद झालाच नव्हता, लढाईत गेला होता, पण हे तिला कोण सांगणार? नाना काही बोलत नसत. उठून तिची घागर भरून तिच्या घरी पोहोचवून येत. म्हातारी जाईपर्यंत हा क्रम चालला होता.

'तुला कसं सोडलं?' हा प्रश्न नानांचा पिच्छा सोडत नव्हता. मला तो पुढे वेगळ्या वेषात भेटला. पण ते नंतर.

युद्धाच्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही नातवंडे त्यांच्या मागे लागायचो. ते रेतीच्या वादळाबद्दल सांगायचे, कैरोच्या मशिदींबद्दल सांगायचे, इटालियन लॉऱ्यांच्या इंजिनाबद्दल तर फारच रंगून सांगायचे. पण त्या तीन दिवसांपाशी आले की गप्प व्हायचे. ते एकदाच बोलले. १९९९चा जून. कारगिलचे युद्ध चालू होते. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेत २७ मे रोजी पाकिस्तानच्या हाती लागले होते आणि आठवडाभरात परत आले. ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. लोक आनंदाने बोलत होते. नानांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "अब बेचारे कू सवालाँ पूछेंगे."

मी दहा वर्षांची होते. विचारले, "कैसे सवालाँ, नाना?"

मग ते बोलायला लागले. मला ते सगळे जसेच्या तसे आठवते, असे मी म्हणणार नाही. काही तेव्हाच कळले नाही, काही नंतर अम्मीने आणि मामूंनी जोडले. पण मुख्य धागा त्यांचाच आहे.

पहाटे धुरळा दिसला. सगळ्यांना वाटले, आपलेच रणगाडे. पलटण आदल्या दिवशीच तिथे पोहोचली होती, खंदकही धड खणून झाले नव्हते. मग तोफा सुरू झाल्या. नाना मागे लॉऱ्यांपाशी होते. त्यांची लॉरी पेटली. तासा-दोन तासांत सगळे संपले आणि जो समोर होता त्याने बंदुकीने खूण केली. नानांनी हात वर केले. "बेटी, हाथ ऊपर करने में कुछ नहीं लगता. नीचे करने में बहुत दिनाँ लगते."

मग रेतीत बसवून ठेवले. दिवसभर ऊन. रात्री थंडी. पाणी म्हणाल तर अर्धा कप, तेही कधी मिळाले, कधी नाही. नाना सांगत होते की पहारा देणाऱ्यांचे ओठही फुटलेले होते. त्यांच्या हातातही तेवढाच कप होता. दुसऱ्या दिवशी लोक बरळायला लागले. एक जवान सारखा आपल्या गावच्या नदीचे नाव घेत होता. मग त्यांनी अधिकाऱ्यांना वेगळे काढले आणि बाकीच्यांना हाताने खूण केली — जा. कुठे जा, ते सांगितले नाही.

"छोड दिए नहीं बेटी," नाना म्हणाले, "फेंक दिए."

शेकडो माणसे वाळवंटात चालायला लागली. वाटेत जळालेल्या गाड्या होत्या. ड्रायव्हर लोकांना ठाऊक होते, की गाडी जळाली तरी रेडिएटरमध्ये तळाशी पाणी उरलेले असते. त्यांनी खालचे बूच सोडले, टोपीत ते गंजलेले, तेलकट पाणी धरले आणि फडक्यातून गाळून वाटले. नानांनी आयुष्यात ज्याचा अभिमान धरला असेल, अशी बहुधा ही एकच गोष्ट. हे सांगताना त्यांनी दोन्ही तळहातांची ओंजळ करून दाखवली होती.

शेवटी काटेरी तारा दिसल्या. पलीकडून कुणीतरी जोरात ओरडले — थांबा. समोर सुरुंग पेरलेले होते. मग एक शिपाई वाट दाखवत आला. आतली माणसे ना इंग्रज होती, ना आपली. काही गोरी, काही काळी, बोली वेगळीच. नानांनी 'वॉटर' म्हटले, 'पानी' म्हटले. समोरचा नुसता बघत राहिला. मग लहानपणी मौलवीसाहेबांकडे कुराण शरीफ शिकताना ऐकलेला एक शब्द त्यांना आठवला — 'मा'. अरबीत पाणी. तो शिपाई अरबी बोलणारा निघाला. त्याने कमरेची बाटली काढून दिली. नाना म्हणायचे, "पूरा कुरआन पढा, एक लफ्ज से जान बची."

त्या जागेचे नाव त्यांनी 'बीर हकीम' असे सांगितले. "बीर बोले तो हीर," ते म्हणाले, "हकीम की हीर. लेकिन बेटी, उस में पानी नहीं था."

आमच्या खटावात विहिरीला हीर म्हणतात. मला तेव्हा ती परीकथेतली विहीर वाटली. हकीमाची विहीर, आणि तिच्यात पाणी नाही.

गोष्टीचा शेवट त्यांनी घाईने सांगितला. रात्रीच्या अंधारात ट्रक आले, त्यांना मागे आपल्या फौजेत घेऊन गेले. तिथे एका तंबूत एकेकाला बोलावून विचारपूस झाली. कुणी पकडले, कुणी काय सांगितले, कुठला कागद दिला का, आणि पुन्हा पुन्हा एकच — तुम्हाला सोडले का? "मैं बोला, साहब, पानी नहीं था. उनके पास भी नहीं था. वो बोला, बस इतनाच?" नाना थोडे थांबले. "मेरे पास दूसरा जवाब नहीं था, बेटी. आज भी नहीं."

२००४ साली नाना गेले. मी नववीत होते.

पुढे मी डी.एड., मग बी.एड. केले आणि सांगली जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका झाले. उर्दू शिकवताना 'असीर' आणि 'कफस' हे शब्द पावलोपावली भेटतात. आमच्या शायरीत कैद्यांची काही कमी नाही. आशिक कैदी आहे, बुलबुल कैदी आहे, शायर स्वतः कैदी आहे. मुलांना या शब्दांचे अर्थ सांगताना मला आपल्या घरातला असीर कधी आठवला नाही, याची आज लाज वाटते.

तो आठवला २०१९ साली. मार्चचा पहिला आठवडा होता. तालुक्याच्या ठिकाणी मराठी, उर्दू, कन्नड अशा सगळ्या माध्यमांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण होते. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान २७ फेब्रुवारीला पकडले गेले होते आणि १ मार्चच्या रात्री अटारी-वाघा सीमेवरून परत आले होते. जेवणाच्या सुट्टीत तोच विषय. सगळ्यांबरोबर मीही बोलत होते, मीही खुशीत होते. तेवढ्यात शेजारच्या एका सरांनी डबा पुढे करत अगदी सहज विचारले, "मॅडम, तुमच्याकडं काय वातावरण आहे? तुमच्यात काय म्हणतात?"

'तुमच्यात' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. सर वाईट नव्हते. माझी एस.टी. चुकली की मोटारसायकलवरून मला नाक्यापर्यंत सोडणारे ते गृहस्थ. पण माझ्या घशात घास अडकला आणि मी काय बोलले? मी म्हणाले, "सर, माझे नाना मिलिटरीत होते. दुसऱ्या महायुद्धात लढलेत. कैद पण झाले होते."

सर मनापासून म्हणाले, "अरे वा! मग सुटले कसे?"

"शत्रूनंच सोडलं. पाणी नव्हतं म्हणून."

"एवढंच?" सर हसले. "असं कुठं सोडतात का, मॅडम?"

घरी येताना एस.टी.त खिडकीशी बसून मी दोन गोष्टींचा विचार करत होते. पहिली ही, की सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी तंबूतल्या साहेबाने विचारलेला प्रश्न शब्दाचा फरक न होता माझ्यापर्यंत आला होता. दुसरी जास्त खुपणारी होती. सरांच्या प्रश्नाला मी साधे उत्तर देऊ शकले असते — "सर, तुमच्याकडे म्हणतात तेच आमच्याकडे म्हणतात." पण मी तसे केले नाही. खिशातून दाखला काढावा तसे मी नानांना काढून दाखवले. ज्या माणसाने आपल्या शौर्याचा एक शब्द कधी उच्चारला नाही, त्याचे मी चारित्र्याचे प्रमाणपत्र केले. आणि ते प्रमाणपत्रही कमी पडले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामूंकडे गेले. नानांची पत्र्याची पेटी अजून होती. फौजेतून सुटल्याचा कागद होता, त्यावर वर्तणुकीचा शेरा चांगला होता. कैदेचा उल्लेख कुठेही नव्हता. काही पत्रे होती, रोमन लिपीत लिहिलेल्या उर्दूत. इंग्रजांच्या हिंदी फौजेत तेव्हा रोमन उर्दूच चालत असे. नानीला फक्त उर्दू लिपी वाचता यायची. म्हणजे नवऱ्याचे पत्र आले की तिला शाळामास्तरांकडे जावे लागत असणार, आणि मास्तर ते वाचून दाखवत असणार. अशा पत्रात माणूस काय लिहील? 'मैं खैरियत से हूँ.' सगळ्या पत्रांत तेवढेच होते.

मग मी इतिहासाची पुस्तके शोधायला लागले. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. पण 'बीर हकीम' एवढा एक शब्द हाती होता, आणि तो पुरला.

लिबियाच्या वाळवंटातले ते ठिकाण नकाशावर 'बीर हाकेम' असे आहे. १९४२च्या मे महिन्यात गझालापासून दक्षिणेकडे ब्रिटिशांची जी फळी होती, तिचे हे शेवटचे टोक. जुनी, कोरडी पडलेली विहीर. नाना म्हणाले होते तेच. तिथे जनरल केनिग यांच्या हाताखाली फ्री फ्रेंच ब्रिगेड होती. फ्रान्स जर्मनीच्या टाचेखाली असताना शरणागती न मानणाऱ्या फ्रेंचांची ती तुकडी होती. सुमारे ३,७०० माणसे. त्यांत परदेशी लीजनचे लोक होते, मध्य आफ्रिकेचे काळे सैनिक होते, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे होते, आणि उत्तर आफ्रिकेचे अरबी बोलणारेही होते. नानांना बाटली देणारा बहुधा त्यांतलाच.

त्याच्या आग्नेयेला काही मैलांवर '१७१ क्रमांकाचा बिंदू' म्हणून नकाशात दाखवलेली जागा. तिथे ३री हिंदी मोटार ब्रिगेड नुकतीच येऊन थांबली होती. २७ मेच्या सकाळी रोमेलच्या फौजेने दक्षिणेकडून वळसा घातला आणि इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे या ब्रिगेडवर येऊन आदळले. ब्रिगेडकडे रणगाडे नव्हतेच. तोफखान्याने जमेल तेवढे रणगाडे अडवले, पण सकाळीच ब्रिगेड चिरडली गेली. शेकडो ठार आणि जखमी, त्याहून जास्त कैद. कैद झालेल्यांत पी. पी. कुमारमंगलम होते. तेच पुढे १९६६ साली भारताचे लष्करप्रमुख झाले. सर वॉल्टर कोवन नावाचे सत्तर वर्षांचे निवृत्त ब्रिटिश अॅडमिरल होते. हौसेने घोडदळाबरोबर वाळवंटात आलेले हे गृहस्थ रणगाड्यावर पिस्तूल झाडत पकडले गेले.

आणि मग ते पाणी. त्या दिवसांत रोमेल स्वतःच कोंडीत सापडला होता. त्याचे रणगाडे ब्रिटिशांच्या सुरुंगांच्या पलीकडे अडकले होते आणि रसद पोहोचत नव्हती. कैद झालेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्यापुढे जाऊन तक्रार केली, की कैदी तहानेने मरताहेत. रोमेलने उत्तर दिले, की तुम्हाला जेवढे मिळते तेवढेच मला आणि माझ्या सैनिकांना मिळते — अर्धा कप. १९२९च्या जिनिव्हा करारात कैद्याला आपल्या तळावरच्या सैनिकाइतकेच अन्न द्यावे, असे कलम होते. इथे ते अक्षरशः पाळले गेले, फक्त पाळण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा त्यांनी सहाशेच्या वर हिंदी कैद्यांना वाळवंटात सोडून दिले. ते चालत बीर हाकेमला पोहोचले. तिथेही माणशी मोजून पाणी होते, आणि सहाशे तहानलेली तोंडे अचानक वाढली. ३१ मेच्या सुमारास फ्रेंचांचे ट्रक वेढ्यातून पाणी घेऊन आत आले, आणि परत जाताना त्याच ट्रकांतून हे हिंदी सैनिक आणि जखमी लोक मागे पाठवले गेले.

हे वाचले त्या रात्री मी मामूंना फोन केला. म्हटले, "नाना सच बोलते थे." मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हमें कब झूठ लगा था?" पण त्यांचा आवाज भरून आला होता. आम्हा कुणालाच ते खोटे वाटले नव्हते, आणि तरीही कुठल्यातरी छापील पानाने ते खरे म्हणावे याची आम्ही वाट बघत होतो.

तंबूतला साहेब पुन्हा पुन्हा का विचारत होता, हेही मला तेव्हाच उमगले. त्याच काळात बर्लिनमध्ये सुभाषबाबू उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या हिंदी कैद्यांतून फौज उभारत होते. म्हणजे शत्रूकडून परत आलेला हिंदी सैनिक इंग्रजांच्या लेखी नुसता सुटलेला माणूस नव्हता. तो फितवलेला असू शकत होता. साहेबाचा संशय त्याच्या बाजूने अगदी निराधार नव्हता. पण खटाव तालुक्यातला एक ड्रायव्हर, जो चार दिवस तहानेने अर्धमेला झाला होता, त्याला बर्लिन कुठे आहे हे तरी ठाऊक होते का? मोठ्या राजकारणाचा संशय नेहमी लहान माणसाच्या दारात येऊन उभा राहतो, आणि त्याला उत्तर द्यायला लहान माणसाजवळ फक्त एक खरी गोष्ट असते. ती इतकी साधी असते, की ती कुणाला पुरत नाही. पाणी नव्हते, साहेब. बस इतनाच.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवले. त्या ब्रिगेडमध्ये घोडदळाच्या तीन रेजिमेंट होत्या: २री लान्सर्स, ११वी कॅव्हलरी आणि १८वी कॅव्हलरी. त्यांत जाट होते, राजपूत होते, शीख, डोगरा, पंजाबी मुसलमान आणि राजस्थानचे कायमखानी मुसलमान होते. म्हणजे टोपीत गाळलेले ते रेडिएटरचे पाणी या सगळ्यांनी मिळून प्यायले असेल. कुणाची टोपी, कुणाचे फडके, कुणाची ओंजळ! त्या पाण्याला ना जात होती ना धर्म. पाच वर्षांनी देशाची फाळणी झाली. रेजिमेंटाही वाटल्या गेल्या. ११वी पाकिस्तानला गेली, बाकीच्या दोन भारतात राहिल्या. १८व्या कॅव्हलरीचेच साहबजादा याकूब खान उत्तर आफ्रिकेत कैद झाले होते. ते रामपूरचे, पुढे पाकिस्तानात गेले आणि परराष्ट्रमंत्री झाले. त्याच १८व्या कॅव्हलरीतले कायमखानी मात्र भारतातच राहिले. सप्टेंबर १९६५मध्ये सियालकोटच्या आघाडीवर या तिन्ही रेजिमेंट होत्या, पण आता समोरासमोर. त्या लढाईत १८व्या कॅव्हलरीच्या नायब रिसालदार अयूब खान या कायमखानी जवानाने पाकिस्तानी रणगाडे फोडले आणि वीरचक्र मिळवले. ते पुढे झुंझुनूचे खासदारही झाले.

अयूब खानांचे नाव आमच्याकडे अभिमानाने घेतले जाते, घेतले जावेच. परमवीरचक्रविजेते अब्दुल हमीद यांचे नाव तर प्रत्येक उर्दू शाळेच्या भिंतीवर असते. मीही मुलांना ही नावे शिकवते. पण आता शिकवताना मनात एक शंका येते. आपण ही नावे मुलांना प्रेरणा म्हणून देतो, की उद्या कुणी विचारले तर दाखवायला दाखला म्हणून देतो? ज्याच्या घरात वीरचक्र नाही, ज्याच्या आजोबांनी फक्त हात वर केले, तीन दिवस तहान सोसली आणि घरी येऊन पुन्हा नांगर धरला, त्याने काय दाखवावे? आणि का दाखवावे?

मागच्या वर्षी मी सातवीच्या वर्गात नानांची ही गोष्ट सांगितली. पाठ्यपुस्तकात नव्हती, पाण्यावरचा पाठ संपला होता आणि दहा मिनिटे उरली होती. मुले शांत ऐकत होती. एका मुलीने विचारले, "टीचर, दुश्मन ने उन को छोड दिया, तो वो अच्छे थे के बुरे?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. वाळवंटात बिनपाण्याचे सोडणे हे सोडणे की मारणे? आणि ठेवून घेतले असते तरी मरणच होते. मी म्हणाले, "बेटा, वो भी प्यासे थे."

"और फ्रेंच लोगाँ?"

"वो भी प्यासे थे."

ती थोडा विचार करून म्हणाली, "तो फिर फर्क क्या हुआ?"

मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याने वर्षभरात आपणहून एकदाही हात वर केला नव्हता, तो म्हणाला, "फर्क है ना. इन्होंने बाटली दी."

घंटा झाली. मी फळा पुसला आणि बराच वेळ वर्गातच उभी राहिले.

नानांनी परत आल्यावर पेन्शनच्या आणि नंतर लॉरी चालवून मिळवलेल्या पैशांतून शेताच्या कडेला एक विहीर खणली होती. १९७२च्या दुष्काळात गावातल्या बहुतेक विहिरी तळाला गेल्या, नानांच्या विहिरीला मात्र थोडे पाणी टिकले. गावातल्या काही मोठ्या माणसांनी सुचवले, की पाणी थोडे आहे तर आपल्या-आपल्यांत वाटून घेऊ. वस्तीवरच्यांना टँकरचे मिळेल. नाना नाही म्हणाले. बौद्धवस्तीतल्या बाया त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर सगळ्यांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. "हीर माझी हाय," नाना म्हणाले होते, "पाणी माझं न्हाई." त्यावरून काही घरांनी वर्षभर बोलणे टाकले. नानांना बहुधा त्याचे फारसे काही वाटले नसेल. लोक आपल्याविषयी काय म्हणतात, याची त्यांना सवय होती.

आज ती विहीर बुजत आली आहे, गावात नळ आले आहेत. नाना असते तर मी त्यांना सांगितले असते, की तुमचे उत्तर बरोबर होते. पुस्तकात पाहिले. मला वाटते ते हसले असते आणि म्हणाले असते, किताब में क्या देखती बेटी, माठ में पानी है का देख.

त्या प्रशिक्षणातले सर मला पुढच्या वर्षी पुन्हा भेटले. मी त्यांना बीर हाकेमची सगळी हकीकत सांगितली. दाखला म्हणून नाही, गोष्ट म्हणून. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, माझ्या आजोबांचं पण असंच काहीतरी होतं बर्मात. घरात कुणी बोलत नाही." मग दोघेही काही वेळ गप्प बसलो. दोन घरांतले मौन एकाच बाकावर येऊन बसले होते.

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या बाजूला मी या उन्हाळ्यात एक माठ ठेवला आहे. मुले पाळीपाळीने भरतात. पहिल्याच आठवड्यात त्यावरचा मग चोरीला गेला. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, साखळी लावू का?"

मी नको म्हटले. दुसरा आणला.